एक पाय जमिनीवर: चाळिशीनंतर नोकरी सांभाळून एरोबिक डान्स कसा करावा

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एरोबिक्सच्या वर्गाला गेले. घराजवळचाच हॉल, खाली गुळगुळीत संगमरवर, समोर बावीस-तेवीस वर्षांची शिक्षिका आणि कानठळ्या बसवणारं गाणं. पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटं उड्या. मागच्या रांगेत आम्ही पाच-सहा जणी होतो, सगळ्या ऑफिसातून थेट आलेल्या, निम्म्या जणींच्या डब्याच्या पिशव्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. दुसऱ्या दिवशी माझा उजवा गुडघा टम्म सुजला. पंधरा दिवस बँकेचा जिना एकेक पायरी करत उतरत होते. कुणी विचारलं तर बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून सांगायचे. नाचताना झालं हे सांगायची लाज वाटायची.

आता मी बावन्न वर्षांची आहे आणि आठवड्यातले पाच दिवस नाचते. सोबत सोसायटीतल्या दहा-बारा जणी असतात. गुडघा तोच, पण आता कुरकुरत नाही, कारण आम्ही उड्या मारत नाही. सबंध अर्धा तास दोनपैकी एक पाय जमिनीवर असतोच. या प्रकाराला ‘लो इम्पॅक्ट’ म्हणतात. तो म्हाताऱ्यांसाठी किंवा जाड बायकांसाठी आहे, असा एक समज आहे. तो सोडून द्या. आपल्या वयाला आणि आपल्या दिवसाला बसणारा खरा प्रकार हाच. मी डॉक्टर नाही. पुढे तब्येतीबद्दल जे लिहिते आहे ते सर्वमान्य आहे तेवढंच, आणि जिथे डॉक्टरांकडे जायला हवं तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

उड्या नाहीत, मग फायदा कसला?

एरोबिक म्हणजे प्राणवायू वापरून चालणारा व्यायाम. मांड्या, नितंब, पाठ हे मोठे स्नायू सलग हलत राहिले की त्यांना प्राणवायू लागतो, तो पुरवायला हृदय आणि फुप्फुसं जोरात काम करतात. यात उडीचा काही संबंध नाही. अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली हा शब्द लोकांपर्यंत नेला आणि पुढच्याच वर्षी जॅकी सोरेनसन यांनी त्याला नाचाची जोड दिली. पुढे १९८०च्या दशकात उड्यांचे वर्ग फोफावले, नडग्या आणि गुडघे दुखावलेल्या बायका वाढल्या आणि त्यातूनच कमी आघाताचा प्रकार पुढे आला. म्हणजे माझ्या गुडघ्याला जे कळलं ते जगाला तीस-पस्तीस वर्षं आधीच कळलं होतं.

थोडा हिशोब बघू. शांत बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तिला एक मेट म्हणतात. लो इम्पॅक्ट एरोबिक डान्स साधारण ५ मेटचा, उड्यांचा साधारण ७ मेटचा. ३ ते ६ मेट म्हणजे मध्यम तीव्रतेचा व्यायाम, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते ती याच तीव्रतेची. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस: झाली १५० मिनिटं. शिवाय संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत सलग दहा मिनिटांची जुनी अट राहिलेली नाही, त्यामुळे सकाळी आठ मिनिटं आणि संध्याकाळी बारा मिनिटं, हेही धरलं जातं.

वजनाबाबत मात्र आधीच सांगते, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात वजनकाट्यावर उभं राहून रडायची वेळ येते. ६५ किलोच्या बाईच्या अर्ध्या तासाच्या लो इम्पॅक्ट नाचात साधारण १७० कॅलरी जातात. एका वडापावात त्याहून जास्त असतात. नुसतं नाचून फार वजन उतरत नाही. कंबर मात्र कमी होते, आणि आपल्याला तेच बघायचं आहे. भारतीय बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की पोटाच्या आतली चरबी आणि तिच्यासोबत साखर, रक्तदाब यांचा धोका वाढतो असं धरतात. काटा माळ्यावर टाका आणि शिंप्याची टेप आणा.

खरे फायदे वजनाबाहेरचे आहेत. रक्तदाब जास्त असलेल्यांमध्ये नियमित एरोबिक व्यायामाने वरचा आकडा सरासरी ५ ते ८ ने उतरतो. साखरेबाबतची गोष्ट मला सगळ्यात आवडते: स्नायू हलत असताना इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि व्यायाम संपल्यावरही हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. म्हणूनच मधुमेह असलेल्यांना सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पाडू नका असं सांगतात. शनिवार-रविवार तास तास नाचून सोम ते शुक्र बसून राहणाऱ्या बाईला हा फायदा नीट मिळत नाही.

पाळी जाण्याच्या आसपास झोप विस्कटते, चिडचिड होते, अंगातून वाफा निघतात. झोप आणि मूड यांना नाचाचा उपयोग होतो. वाफांबद्दल संशोधन एकमुखी नाही, त्यामुळे नाचलात की वाफा थांबतील असं मी कुणाला सांगत नाही. आमच्यातल्या दोघींना तर नाचताना जास्तच येतात. त्या खिडकीशी उभ्या राहतात.

नाचात चालण्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे. पावलांचा क्रम लक्षात ठेवावा लागतो, दिशा बदलावी लागते, ताल पकडावा लागतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्या शारीरिक हालचाली विचारल्या होत्या, त्यांपैकी फक्त नाचाचा स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला. नाचामुळेच धोका कमी झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, कदाचित ज्यांचं डोकं शाबूत तेच नाचायला जात असतील. पण पाऊल चुकल्यावर हिरमुसणाऱ्या मैत्रिणींना मी हे सांगते. चुकणं आणि पुन्हा पकडणं हाच त्यातला निम्मा व्यायाम.

सुरुवात करण्याआधी: कोणी थांबायचं, कोणी विचारायचं

हृदयविकार, छातीत दुखण्याचा इतिहास, चक्कर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा साखर: यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. रक्तदाब १८० किंवा खालचा ११० च्या वर असेल तर त्या दिवशी नाच नाही, दवाखाना. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुरुवातीचे काही दिवस आधी-नंतर साखर मोजा. १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मग सुरू करा, आणि ग्लुकोजची पुडी किंवा साखर जवळ ठेवा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, नाडी वाढूच देत नाहीत. अशा बाईने घड्याळातल्या आकड्याकडे बघू नये.

हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे दोघींपैकी एक. चाळिशीत पाळी अनियमित होऊन अंगावरून जास्त जायला लागतं आणि हिमोग्लोबिन १२ च्या खाली कधी गेलं ते कळतही नाही. दहा मिनिटांत धाप लागली की आपण ‘स्टॅमिना नाही’ म्हणतो, खरं तर रक्त नसतं. थायरॉईडचंही तेच. तपासणीचा एक दिवस घालवा. नाहीतर सहा महिने स्वतःला आळशी म्हणण्यात जातात.

फरशी, बूट, कपडे

फरशी दगडी असेल तर आघात थेट गुडघ्यात जातो. लाकडी फळ्यांची किंवा रबराच्या जाड पट्ट्यांची जमीन उत्तम, पण घरी कोण करतंय? घरी टाईल्सच असतात. म्हणूनही उड्या नकोत. योगा मॅट ही या कामाला वाईट वस्तू आहे. पाऊल वळवताना ती पायाला धरून ठेवते, पाय वळत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. सतरंजी सरकते. मोजे घालून टाईल्सवर तर अजिबात नाही. बूट घाला आणि साध्या कोरड्या फरशीवर नाचा.

बूट पळण्याचे नकोत, ते सरळ पुढे जायला बनवलेले असतात. आपण बाजूला सरकतो, तेव्हा त्यांचा उंच तळ कलंडतो. क्रॉस ट्रेनिंगचे किंवा बॅडमिंटनचे, बाजूने आधार देणारे, सपाट तळाचे बूट बघा. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप कळतं. टाच दुखत असेल किंवा मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर अनवाणी नाचू नये.

स्पोर्ट्स ब्रा ही चैन नाही. नेहमीच्या ब्रामध्ये नाचून मान आणि खांदे दुखतात आणि बाई समजते व्यायामाने दुखतंय. ओढणी बाजूला, बांगड्या काढून, लांब मंगळसूत्र कुर्त्याच्या आत. आमच्यातल्या एका काकू साडीतच येतात, निऱ्या खोचून. त्यांना कोणी काही म्हणत नाही, फक्त त्यांची जागा कडेला, मोकळी.

ठेका निवडायचा कसा

गाणं लावा, घड्याळ समोर ठेवा आणि १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा. त्याला चारने गुणा. पहिल्या महिन्यात मिनिटाला ११५ ते १२५ ठोके पुरे. नंतर १२५ ते १३५. त्याच्या वर गेलात की पाऊल पुरतं टेकत नाही, टाच हवेत राहते, पोटरी आखडते. ढोल-ताशा रंगात आल्यावर कुठल्या कुठे पोचतो, त्यामुळे मिरवणुकीतलं गाणं नाचायला कितीही खुणावलं तरी ते शेवटच्या पाच मिनिटांसाठीही नको.

एरोबिक डान्स आठच्या मोजणीवर बांधलेला असतो. ज्यांचा कान तबल्याला सरावलाय त्यांना सांगते, केरव्यात बांधलेली गाणी पायाखाली आपसूक येतात, दादऱ्याच्या सहा मात्रांवर झुलणारी येत नाहीत. गाणं गोड असतं, पण चौथ्या पावलानंतर सगळ्या जणी वेगवेगळ्या दिशेला जातात. शाळेत लेझीम केली असेल तर ‘एक-दोन-तीन-चार’ अंगात मुरलेलं असतंच. आमच्यातल्या ज्या जणी पहिल्याच दिवशी ताल पकडतात, त्यातल्या बऱ्याच जणी लेझीमवाल्या निघतात.

पावलं

पाच पावलं आली की वर्षभर पुरतात. नावं इंग्रजीच चालतात, वर्गात तीच पुकारतात.

मार्च म्हणजे जागच्या जागी चालणं, पण गुडघा थोडा वर आणि प्रत्येक वेळी टाच जमिनीला पुरती टेकवून. स्टेप टच म्हणजे उजवा पाय बाजूला टाकायचा, डावा त्याच्याजवळ आणून नुसता टेकवायचा, मग तोच डावा बाजूला. व्ही स्टेपमध्ये उजवा पाय पुढे-उजवीकडे, डावा पुढे-डावीकडे, मग उजवा मागे मूळ जागी, डावा मागे मूळ जागी. जमिनीवर इंग्रजी व्ही उमटतो. ग्रेपवाईन थोडी अवघड: उजवा बाजूला, डावा त्याच्या मागून ओलांडून, उजवा पुन्हा बाजूला, डावा येऊन टेकला. तोल जाणाऱ्यांनी मागून ओलांडू नये, नुसतं ‘बाजूला-जवळ-बाजूला-टेक’ करावं, गाणं तेच चालतं. पाचवं हॅमस्ट्रिंग कर्ल, एका पायावर भार आणि दुसऱ्याची टाच नितंबाकडे.

गुडघ्यांसाठी दोन गोष्टी कायम: ते कधीच ताठ कुलूपबंद नसावेत, आणि वाकतील तेव्हा पायाच्या बोटांच्याच दिशेला वाकावेत. वळायचं असेल तर आधी पाऊल उचला, मग वळा. रुतलेल्या पावलावर कंबर फिरवली की गुडघा जातो.

आता यांची माळ. आठ मोजेपर्यंत मार्च, उजव्या पायाने सुरू. पुढचे आठ स्टेप टच, चार वेळा. पुढचे आठ व्ही स्टेप, दोन वेळा. शेवटच्या आठपैकी चारमध्ये ग्रेपवाईन उजवीकडे आणि उरलेल्या चारमध्ये जागेवर मार्च. गंमत इथे आहे: ग्रेपवाईन संपते तेव्हा डावा पाय नुसता टेकलेला, म्हणजे मोकळा असतो. चार मार्च त्याच पायाने सुरू होतात आणि संपल्यावरही डावाच मोकळा राहतो. त्यामुळे पुढची फेरी आपोआप डाव्या पायाने सुरू होते, आणि ग्रेपवाईन डावीकडे जाऊन तुम्ही मूळ जागी परतता. दोन्ही पायांना सारखं काम. मिनिटाला १२८ ठोक्यांचं गाणं असेल तर या ३२ ठोक्यांना बरोबर १५ सेकंद लागतात. दोन्ही बाजू मिळून अर्धं मिनिट. वीस मिनिटांत चाळीस फेऱ्या. कंटाळा आला की व्ही स्टेपच्या जागी कर्ल घाला, एवढंच.

पहिल्या महिन्यात हात कमरेवर. पाय बसल्याशिवाय हात घातले की दोन्ही बिघडतात. पुढे हात हलवा, पण खांद्याच्या खालीच. हात डोक्यावर नेले की नाडी आणि रक्तदाब दोन्ही जास्त चढतात, आणि चाळिशी-पन्नाशीत, विशेषतः मधुमेह असलेल्यांत, खांदा आखडण्याचं प्रमाण बरंच असतं. वजनं हातात घेऊन नाचू नका. मनगटाला बांधायची वजनं तर विकतच घेऊ नका.

मंगळागौरीच्या खेळांबद्दल नेहमी विचारतात. झिम्मा, उभी फुगडी, टाळ्यांचे खेळ मजेत घाला, श्वास छान चढतो आणि सगळ्यांना येतात. फुगडी मात्र सारख्या उंचीच्या दोघींनी, कोरड्या हातांनी. बसफुगडी सोडून द्या: उकिडवं बसून उड्या मारणं चाळिशीनंतरच्या गुडघ्याला झेपत नाही. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर डोकं घुसळणारा पिंगाही नको.

एका सत्राची मांडणी

आधी सहा-सात मिनिटं अंग तापवणं, तेही दिवसाच्या कामाप्रमाणे वेगळं. बँकेत, ऑफिसात बसणाऱ्या बाईचा मांडीचा सांधा पुढून आखडलेला असतो, नितंब झोपलेले असतात. तिने कर्ल, पाय मागे नेणं, खांदे मागे फिरवणं जास्त करावं. शिक्षिका, परिचारिका, दुकानात उभं राहणारी बाई यांचं उलट. त्यांच्या पोटऱ्या आणि टाचा आधीच थकलेल्या असतात, त्यांनी पाच मिनिटं पाय वर करून बसावं, घोटे गोल फिरवावेत, मगच सुरू करावं. दोघींना एकच वॉर्म अप देणारा वर्ग मला अजून पटलेला नाही.

मधली वीस मिनिटं सलग. किती जोरात? बोलून बघा. वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, अशी धाप हवी. दोन-दोन शब्दांवर श्वास तुटायला लागला की मार्चवर या. नाडी मोजायची हौस असेल तर २०८ मधून वयाचं ०.७ पट वजा करा. ४८ वर्षांच्या बाईला साधारण १७४ येतात, आणि मध्यम व्यायामाचा पट्टा साधारण ११० ते १३० पडतो. पण बोलण्याची परीक्षा फुकट आहे आणि चुकत नाही.

शेवटी पाच मिनिटं हळूहळू मंदावणं. अचानक थांबून खुर्चीत बसलं की पायांत उतरलेलं रक्त तिथेच राहतं आणि चक्कर येते. मग पोटरी, मांडी, छाती यांचे ताण, प्रत्येकी वीस-तीस सेकंद, हिसके न देता.

बारा आठवडे

पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस, नाच फक्त दहा मिनिटं. हसू येईल इतकं कमी वाटतं, तेच बरोबर. तिसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटं, चौथ्यात तेवढीच मिनिटं पण चार दिवस. पाचव्या ते आठव्यात वीस मिनिटं. नवव्यापासून तीस मिनिटं, ती जमली की पाच दिवस. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: आधी मिनिटं, मग दिवस, मग ठेका, सगळ्यात शेवटी हात. चाळिशीत हृदय आणि फुप्फुसं महिन्याभरात सरावतात, स्नायूबंध आणि सांधे मागे राहतात. दुसऱ्या महिन्यात ‘आता जमतंय’ म्हणून जी उडी घेतली जाते ती महागात पडते.

आठवड्यातून दोन दिवस पंधरा-वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर दंड, टाचा उचलणं, उताणं झोपून कंबर उचलणं, रबराच्या पट्ट्याने ओढणं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज वेगाने होते आणि उड्यांविना केलेला नाच हाडांना फार मजबूत करत नाही. उड्या सोडल्याची किंमत इथे भरावी लागते.

वेळ

दुपारी डबा खाल्ल्यावर नाही, जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. सकाळी ८.१० ची लोकल पकडणाऱ्या बाईला पहाटे नाचायला सांगणं मला क्रूर वाटतं. माझा स्वतःचा वेळ संध्याकाळी आल्याबरोबरचा. चहा घेऊन बसलं की संपलं, म्हणून बूट दारातच ठेवते. ऑफिसातून निघताना एक केळं किंवा मूठभर चणे खाते, म्हणजे घरी पोचेपर्यंत पोटात जिरलेले असतात. घरी नाचणाऱ्या मैत्रिणी कुकर लावून सुरू करतात, शिट्ट्या मोजायला घरातल्या कुणालातरी बसवतात. मोजणाऱ्यांच्या चुका होतात, डाळ थोडी कच्ची राहते. रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपेच्या आधी नाही, झोपून उठल्यावर.

नंतरच्या जेवणात डाळ, दही, अंडं, उसळ यांपैकी काहीतरी हवंच. लोह कमी असेल तर जेवणाला लागून चहा नको, तो लोह शोषू देत नाही.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही

शिंकताना, खोकताना, पावलं जोरात टाकताना लघवीचे थेंब जाणं. दोन बाळंतपणं झालेल्या बायकांत हे इतकं असतं की आमच्याकडे एकीने धीर करून सांगितल्यावर आणखी चौघींनी मान डोलावली. याच कारणाने बायका वर्ग सोडतात आणि कारण गुडघ्याचं सांगतात. काही जणी नाचाआधी पाणीच पीत नाहीत. ते करू नका.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात आणि ते कसता येतात. वारा आणि लघवी एकाच वेळी अडवून धरतोय असं आतून आवळा, पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, श्वास मोकळे. लघवी करताना मध्येच थांबवून याचा सराव करायचा नाही. किमान तीन महिने लागतात. लोकलमध्ये, मीटिंगमध्ये, भाजीच्या रांगेत, कुठेही करता येतं. आवळताना दुखलं, योनीमार्गात काही खाली आल्यासारखं वाटलं, किंवा तीन महिन्यांत फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा या कामाच्या फिजिओथेरपिस्टकडे जा.

पाळीच्या दिवसांत नाचायला हरकत नाही, जमेल तेवढं. तासातासाला पॅड भिजत असेल, किंवा बारा महिने पाळी बंद राहून पुन्हा अंगावर गेलं असेल, तर आधी डॉक्टर.

लगेच थांबायचं तेव्हा

छातीत दाब, जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात किंवा पाठीत कळ, थंड घाम, नेहमीपेक्षा वेगळी धाप, मळमळ. बायकांच्या हृदयविकाराच्या झटक्यात छातीचं दुखणं ठळक नसू शकतं. नुसता विलक्षण थकवा आणि मळमळ असते आणि ‘ॲसिडिटी झाली’ म्हणून सोडा पाजला जातो. सोडा शोधू नका, १०८ लावा. गुडघा सुजला, नाचताना अडकला किंवा निसटल्यासारखा वाटला तर नाच बंद करून दाखवून घ्या. दुसऱ्या दिवशी मांड्या जड वाटणं मात्र नेहमीचं, त्याला घाबरू नका.

वर्ग निवडताना

फी विचारण्याआधी एक सत्र बाहेर बसून बघा. शिक्षिका उडीसोबत उडीविनाचा पर्याय स्वतः करून दाखवते का? नवीन आलेल्या बाईला गुडघे, रक्तदाब, औषधं विचारते का? मागच्या रांगेकडे तिचं लक्ष जातं का? जमीन कशी आहे? ‘महिन्यात पाच किलो’ असा फलक असेल तर जिन्यावरूनच परत फिरा. यूट्यूबवर बघून करायचं असेल तर ‘लो इम्पॅक्ट’ लिहिलेलंच निवडा, आणि पहिल्यांदा चहा घेत नुसतं बघा, दुसऱ्यांदा करा.

प्रगती मोजायला एक वही पुरते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कंबर, सकाळी अंथरुणात असतानाची नाडी, आणि स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढून वर पोचल्यावर वाक्य पुरं बोलता येतं का, एवढं लिहा. माझ्या वहीत पहिल्या सहा महिन्यांत नाडी ८४ वरून ७२ वर आली होती. वजन दीड किलो.

गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, ताप, मार्चअखेर: खंड पडणारच. आठवडा गेला तर जिथे होतात तिथून सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले तर मिनिटं निम्मी करा आणि दर आठवड्याला पाच-पाचने वर या. महिना दीड महिना गेला तर वहीचं पहिलं पान काढा आणि दहा मिनिटांपासून, हात कमरेवर ठेवून.